इंजिनकाम काढलंय? मग टायमिंग चेनची ढिलाई मोजल्याशिवाय कव्हर बसवू देऊ नका!

सकाळी गाडीला चावी दिली की बॉनेटखालून दोन-तीन सेकंद 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि मग सगळं शांत. "इंजिन थंड आहे, होतं असं," म्हणत आपण गाडी रस्त्यावर काढतो. पुढे कधीतरी गाडी ऑइल प्यायला लागते, धूर सोडते आणि मिस्त्री सांगतो, "इंजिनकाम काढावं लागेल."

इंजिन खोललं जातं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट असं सगळं नवीन येतं. टायमिंग चेन मात्र बऱ्याचदा डिझेलने धुऊन तीच परत बसते. "लोखंडाची आहे, तिला काय धाड भरलीय!" असं म्हणून विषय संपतो.

मंडळी, इथेच घोटाळा होतो. लोखंडाची चेनही झिजते, लांब होते आणि ढिली पडते. ती दात चुकली, तर हजारो रुपये ओतून नवं केलेलं इंजिन एका क्षणात पुन्हा खोलायची वेळ येऊ शकते. गंमत म्हणजे चेन तपासायची सर्वात सोयीची आणि स्वस्त वेळ इंजिनकामाचीच असते, कारण सगळं आधीच उघडलेलं असतं. ही तपासणी कशी करतात आणि गाडीमालक म्हणून तुम्ही काय विचारायचं, ते आज बघूया.

टायमिंग चेन करते तरी काय?

इंजिनात खाली असतो क्रँकशाफ्ट. पिस्टनच्या वर-खाली होण्याने तो फिरतो आणि चाकांना ताकद मिळते. वर हेडमध्ये असतो कॅमशाफ्ट. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह तो ठरलेल्या वेळी उघडतो. या दोघांची सांगड घालते ती टायमिंग चेन.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. म्हणून कॅमवरच्या दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, क्रँकच्या स्प्रॉकेटच्या दुप्पट दात असतात. समजा खाली २० दात आहेत आणि वर ४०. चेन वर एक दात जरी सरकली तरी कॅम ९ अंशांनी चुकतो. क्रँकच्या हिशोबात ती चूक होते १८ अंशांची!

आजच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना जिथवर खाली येतो, तिथवरच पिस्टनही वर येतो. दोघांची वेळ वेगळी असते म्हणून टक्कर होत नाही. वेळ जास्त चुकली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतो आणि पिस्टनवर खड्डा पडतो. मग हेड पुन्हा उतरवावं लागतं.

कोणत्या गाड्यांत चेन असते?

काही इंजिनांत रबरी टायमिंग बेल्ट असतो, काहींत चेन. आपल्याकडच्या ओळखीच्या गाड्यांपैकी मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिनं (स्विफ्ट, वॅगन आर, अल्टो के१०) आणि ह्युंदाईचं १.२ लिटर कप्पा इंजिन चेनवर चालतात.

डिझेलमध्ये सर्वात मोठं नाव म्हणजे फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट. १२४८ सीसीचं हे इंजिन पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही तयार व्हायचं. फियाटची पुंटो आणि लिनिआ, टाटाची इंडिका व्हिस्टा, मारुतीची स्विफ्ट, डिझायर आणि एर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. म्हणून गंमतीने त्याला 'देशाचं डिझेल इंजिन' म्हटलं जायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने हे इंजिन बंद केलं. म्हणजे त्या वेळी विकत घेतलेल्या गाड्या आता इंजिनकामाच्या वयात आल्या आहेत.

चेन काही नवी गोष्ट नाही. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही चेनच होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये हिने मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निरोप घेतला. तिचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच असल्यामुळे चेन आखूड होती. आजच्या इंजिनांत कॅम वर हेडमध्ये असतो. त्यामुळे चेन बरीच लांब असते आणि झिजेचा परिणामही जास्त होतो.

लोखंडाची चेन 'ताणते' कशी?

"चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या रबरासारख्या ताणत नाहीत. प्रत्येक कडीत पिन असते आणि ती बुशमध्ये फिरते. ऑइलचा पातळ थर दोघांमध्ये असतो तोवर ठीक. ऑइल जुनं झालं, काजळीने भरलं किंवा कमी पडलं की पिन आणि बुश एकमेकांना घासतात.

आता साधा हिशोब करू. १४० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक कडी फक्त ०.०२ मिमी झिजली, तरी पूर्ण चेन २.८ मिमीने लांब होते. एका कडीकडे बघून ही झीज डोळ्यांना दिसणारच नाही!

याचा वेळेवर किती परिणाम होतो? समजा चेनची ओढली जाणारी बाजू ४०० मिमी आहे आणि ती अर्ध्या टक्क्याने वाढली. म्हणजे २ मिमी. कॅमच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ५० मिमी धरली तर कॅम साधारण २.३ अंश मागे पडतो, क्रँकच्या भाषेत सुमारे ४.६ अंश. गाडी बंद पडत नाही, पण पिकअप जातो, अॅव्हरेज घटतं आणि कधी चेक इंजिनचा दिवा लागतो.

पेण-रोह्याच्या गाड्यांनी जास्त काळजी का घ्यायची?

एमएच-०६ची पाटी लावणारी गाडी पेणच्या आरटीओत नोंदलेली असते आणि तिचं बरंच आयुष्य मुंबई-गोवा महामार्गावर जातं. या मार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किमीच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशकाहून जास्त काळ रखडलं. वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात रांगेत अडकून बसणं पेण-रोहेकरांना नवीन नाही. गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नका.

याचा चेनशी काय संबंध? कोंडीत गाडी उभी असते, पण इंजिन फिरत असतं. मिनिटाला ८०० फेऱ्यांनी इंजिन नुसतं चालू राहिलं तर तासाभरात क्रँक ४८,००० वेळा फिरतो. किलोमीटरच्या काट्यावर मात्र शून्य!

म्हणून फक्त किलोमीटर बघून ऑइल बदललं तर फसगत होते. ताशी सरासरी ५० किमी वेगाने १०,००० किमी गेलेल्या गाडीचं इंजिन २०० तास चाललेलं असतं. हेच अंतर ताशी सरासरी २० किमीने गेलं, तर इंजिन ५०० तास चालतं. ऑइल तेच, पण काम अडीचपट. बहुतेक कंपन्या त्यांच्या पुस्तिकेत 'कठीण वापर' असा वेगळा तक्ता देतात आणि त्यात ऑइल लवकर बदलायला सांगतात, ते यासाठीच.

दुसरं कारण पावसाचं. रोह्याला कुंडलिका आणि नागोठण्याला अंबा नदी फुगली की सखल भागातल्या गाड्या पाण्यात जातात. इंजिनात पाणी शिरलं की ऑइल दुधाळ होतं आणि त्याचं वंगणाचं काम थांबतं. अशी गाडी कुणी सुरू करून चालवली असेल, तर बेअरिंगसोबत चेन आणि टेन्शनरही तपासायलाच हवेत.

अंगठ्याने चेन दाबून का कळत नाही?

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. कव्हर काढलं, चेन अंगठ्याने दाबली, "बघा, किती ढिली झालीय" किंवा "टाइट आहे, चालेल." दोन्ही निष्कर्ष चुकू शकतात.

चेनला दोन बाजू असतात. क्रँक जी बाजू खाली ओढतो ती ताठ असते आणि तिच्या मागे स्थिर गाइड असतो. परतीची बाजू मुळातच सैल असते. तिला टेन्शनर दाबून धरतो. हा टेन्शनर बहुतेक गाड्यांत स्प्रिंग आणि ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब जातो आणि फक्त स्प्रिंग उरते. काहींमध्ये दांडा मागे सरकू नये म्हणून खाचांची व्यवस्था असते, तिला रॅचेट म्हणतात.

म्हणजे टेन्शनर काढला की अगदी नवी कोरी चेनही लोंबकळते. उलट, टेन्शनर जागेवर असेल तर झिजलेली चेनसुद्धा ताठ वाटते, कारण टेन्शनरने जास्त पुढे येऊन ती ढिलाई लपवलेली असते. सकाळचा तो 'खर्रर्र' आवाजही अनेकदा यामुळेच येतो. ऑइलचा दाब तयार होईपर्यंत सैल चेन गाइडवर आणि कव्हरवर आपटते. म्हणून अंगठ्यावर भरवसा न ठेवता मोजमाप घ्यायचं.

तपासणी कशी करतात?

१. इंजिन खोलण्याआधी

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना आवाज ऐका. तो टायमिंग कव्हरच्या बाजूने येतोय का, हे बघा. स्कॅनर लावून क्रँक आणि कॅमच्या सेन्सरची वेळ जुळतेय का तेही तपासा. 'पी००१६' हा कोड दोघांची वेळ जुळत नसल्याचं सांगतो. पण त्यामागे सेन्सर किंवा वायरिंगही असू शकतं, म्हणून कोड दिसला की लगेच चेनवर शिक्का मारू नका.

२. कव्हर काढल्यावर, चेन जागेवर असताना

बॅटरीची वायर काढून ठेवा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरवा. उलटं फिरवलं तर ढिलाई दुसऱ्या बाजूला जाते आणि चेन दात चुकू शकते. कॅमला पाना लावून चेन ओढणंही टाळा.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळतात का ते पाहा. मग टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते मोजा. काही इंजिनांत रॅचेटच्या खाचा मोजतात. दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आला असेल, तर पुढची ढिलाई भरून काढायला टेन्शनरकडे जागाच उरलेली नाही. मोबाइलवर याचा फोटो काढून ठेवा. एकदा सुटं केलं की हा पुरावा परत मिळत नाही.

जुन्या डिस्ट्रिब्यूटरवाल्या इंजिनांत मिस्त्री एक सोपी युक्ती वापरायचे. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून क्रँक थोडा मागे-पुढे करायचा आणि आतला रोटर हलायला लागेपर्यंत क्रँक किती अंश फुकट फिरतो ते बघायचं. जितका फुकट फेरा, तितकी चेन ढिली. आजच्या लांब चेनच्या इंजिनांत मात्र ही युक्ती नको.

३. चेन बाहेर काढून

खरी परीक्षा ही. चेन स्वच्छ धुऊन कोरडी करायची, सपाट ठेवायची, एक टोक अडकवून दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून ठरलेल्या ताकदीने ओढायचं आणि ठरावीक कड्यांची लांबी व्हर्नियरने मोजायची.

उदाहरणार्थ, टोयोटाच्या अनेक इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये साधारण १४ ते १५ किलोचा ताण देऊन १५ किंवा १६ कड्यांची लांबी मोजायला सांगतात. तेही एकाच जागी न मोजता चेनवर किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी. कारण चेन सगळीकडे सारखी झिजतेच असं नाही.

मर्यादा किती? ती इंजिनानुसार बदलते. एका गाडीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. आपल्या इंजिनाचं मॅन्युअल हाच शेवटचा शब्द. मॅन्युअल मिळत नसेल तर त्याच पार्ट नंबरची नवी चेन शेजारी ठेवून, सारख्याच ताणात, तेवढ्याच कड्या मोजून तुलना करता येते.

चेन आडवी धरून ती बाजूला किती वाकते हेही पाहतात. नव्या चेनच्या मानाने ती खूपच झुकत असेल तर पिन-बुश झिजलेत. ही ढोबळ खूण आहे, मोजमापाला पर्याय नाही.

४. स्प्रॉकेट, गाइड आणि टेन्शनर

फक्त चेन बघून भागत नाही. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला हुकासारखे वळलेत का, ते पाहा. काही कंपन्या चेन स्प्रॉकेटभोवती गुंडाळून व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजायला सांगतात. व्यास मर्यादेपेक्षा कमी भरला तर स्प्रॉकेट बाद.

गाइडवर चेनने पाडलेली चरी मोजा. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांत ही मर्यादा १ मिमी आहे. गाइडचं प्लास्टिक तडकलं किंवा तुकडा गायब असेल, तर तो तुकडा ऑइलच्या चेंबरमध्ये शोधायलाच हवा. तो ऑइलच्या जाळीत अडकला तर नव्या बेअरिंगना ऑइल मिळणार नाही.

टेन्शनरचा दांडा आत-बाहेर न अडकता सरकतो का, रॅचेट धरून ठेवतं का आणि ऑइलचं बारीक भोक मोकळं आहे का, हे तपासा.

हेडला फेस मारलाय? मग हे लक्षात ठेवा

इंजिन गरम होऊन हेड वाकलं असेल तर लेथवर हेडला फेस मारतात, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करतात. जितकं हेड घासलं तितका कॅम क्रँकच्या जवळ येतो. समजा ०.२ मिमी घासलं. चेनला दोन्ही बाजू असल्यामुळे साधारण ०.४ मिमीची जास्तीची ढिलाई तयार होते आणि कॅमही किंचित मागे पडतो.

नव्या चेनसोबत हे टेन्शनर सांभाळून घेतो. पण चेन आधीच मर्यादेच्या काठावर असेल तर हीच गोष्ट जड जाते. म्हणून लेथवाल्याकडून हेड किती घासलं हा आकडा मागून घ्या आणि मिस्त्रीला सांगा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतरही यामुळे कमी होतं, त्यामुळे हेडच्या जाडीची किमान मर्यादाही बघावीच लागते.

जोडताना काय बघायचं?

चेनवर रंगीत कड्या असतात. त्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवायच्या, ताठ बाजूला झोळ राहू द्यायचा नाही आणि मग टेन्शनरची पिन काढून तो मोकळा करायचा. ही पिन काढायची विसरली तर सगळी मेहनत पाण्यात.

यानंतर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि स्प्रॉकेटच्या खुणा पुन्हा पाहायच्या. इथे अनेकजण घाबरतात, कारण रंगीत कड्या आता खुणांवर दिसत नाहीत. ते बरोबरच आहे. त्या कड्या पुन्हा खुणांवर यायला बरेच फेरे लागतात. स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या म्हणजे झालं. फिरवताना कुठेही अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असू शकतो.

चेन आणि टेन्शनरला ऑइल लावूनच कव्हर बसवायचं. पहिल्यांदा गाडी सुरू करण्याआधी इंधन बंद ठेवून स्टार्टर थोडा-थोडा फिरवला, तर ऑइलचा दाब तयार होतो आणि कोरडी चेन आपटत नाही.

चेन ठेवायची की बदलायची?

मोजमाप मर्यादेच्या आत असेल, गाइड चांगले असतील आणि टेन्शनरचा दांडा फारसा बाहेर आला नसेल, तर चेन ठेवायला हरकत नाही. प्रत्येक इंजिनकामात डोळे झाकून चेन बदलायलाच हवी असं नाही.

पण मोजमाप मर्यादेबाहेर गेलं तर फक्त चेन बदलू नका. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. चेन, दोन्ही स्प्रॉकेट, गाइड आणि टेन्शनर असा पूर्ण किट बदललेला बरा. आकडा काठावर असेल तर एकच विचार करा: हेच काम पुन्हा करायचं झालं तर मजुरी पुन्हा द्यावी लागेल. किट घेताना पॅक फोडलेलं नाही ना आणि पार्ट नंबर इंजिनाशी जुळतो ना, हे बघा. जुने पार्ट मागून घ्या.

मिस्त्रीला विचारायचे पाच प्रश्न

• चेन मोजली का? किती कड्या मोजल्या, किती भरल्या आणि मर्यादा किती?
• सुटं करण्याआधी टेन्शनरचा दांडा किती बाहेर होता? फोटो आहे का?
• गाइड आणि स्प्रॉकेटची अवस्था काय? मला दाखवता का?
• हेड किती घासलं?
• जोडल्यावर दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या का?

हे प्रश्न विचारणं म्हणजे मिस्त्रीवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला मिस्त्री व्हर्नियर हातात घेऊन आनंदाने दाखवेल. आणि कुणी "मोजायची गरज नाही, हाताला कळतं" म्हणालं, तर त्याला सांगा, ०.०२ मिमी कुणाच्याच हाताला कळत नाही!

तुमच्या ओळखीत कुणाची गाडी सध्या इंजिनकामाला गेली असेल, तर कव्हर बसण्याआधी हा लेख त्यांना नक्की पाठवा.